चांद्याचे पाद्री वुड



स्कॉटलंडहून आलेले अँग्लिकन मिशनरी ॲलेक्स वुड यांनी आपल्या चांद्यात अनेक वर्षे सेवा केली. १९१९ साली ते छोटा नागपूरचे व १९२६ साली नागपूरचे बिशप झाले.

त्या काळी भारतातील अँग्लिकन मंडळी इंग्लंडच्या कायद्याने बांधलेली होती. बिशपांच्या नेमणुकीतही राजसत्तेचा हात असे. चांद्याच्या जंगलातील कळपाचा मेंढपाळ लंडनने का ठरवावा? या प्रश्नावर दोन्ही देशांतील बिशप व कायदेपंडितांनी मिळून काम केले. १९२७ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला आणि १ मार्च १९३० रोजी ही मंडळी स्वतःच्या घटनेनुसार स्वतंत्र झाली. वुडसाहेब तेव्हा नागपूरच्या बिशपपदी होते. कायद्याचे बंधन सुटले, बंधुभाव मात्र टिकला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच ही मंडळी उत्तर भारत मंडळीत सामील झाली.

आपला चांदा धर्मप्रांतही पोपमहोदयांशी ऐक्य राखून पौर्वात्य ख्रिस्तसभांच्या १९९० च्या संहितेनुसार चालतो. धर्मग्रामात नियमांवरून मतभेद झाले की आम्ही पटकन दुरावतो. या उपवासकाळात आधी एकत्र बसू या, मग नियम वाचू या.