सनद नसलेले वकील

गेल्या वर्षी हळदीकुंकवाच्या वेळी आपल्या मंडळाने आचार्य अत्र्यांच्या ‘घराबाहेर’ नाटकातला एक प्रवेश करावा अशी सूचना निघाली होती. आपल्यातल्याच एका वडीलधाऱ्या भगिनींनी ती मोडून काढली. उंबरठा ओलांडणारी सून गावापुढे कशाला दाखवायची, असे त्यांचे म्हणणे. प्रवेश राहिला; मनातून मात्र तो विषय जाईना. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी अत्र्यांचेच चरित्र लिहावयास घेतले.

प्रल्हाद केशव अत्रे आपल्याच जिल्ह्यातले. १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळ कोढीत येथे त्यांचा जन्म झाला. पुण्यास शिकून ते कॅम्पातील शाळेचे मुख्याध्यापक झाले, लंडनला जाऊन शिक्षणाची पदविका घेऊन आले. पण घरोघरी नाव गेले ते हसविणारा माणूस म्हणून. १९२५ च्या ‘झेंडूची फुले’ या पुस्तकात त्यांनी भल्याभल्या कवींची विडंबने केली. १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आले आणि नमस्कारांचे वेड घेतलेल्या रावबहादुरांना पाहून नाटकगृहे हसून लोटपोट झाली.

अशा माणसाने हसविण्यातच जन्म काढला असता तरी कोणी बोल लावला नसता. पण पुढच्याच वर्षी त्यांनी ‘घराबाहेर’ लिहिले आणि १९३६ मध्ये ‘उद्याचा संसार’. घरात छळली जाणारी, नवऱ्याच्या पापाचे ओझे वाहणारी बाई त्यांनी प्रेक्षकांसमोर आणून उभी केली. देवलांच्या ‘शारदे’ने १८९९ मध्येच ही वाट पाडली होती, हे खरे. अत्र्यांनी वकिलीची सनद कधी घेतली नाही. पण बाईची बाजू त्यांनी भर सभेत मांडली आणि ती ऐकावयास लोकांनी तिकिटे काढली! पुण्यात मुलींसाठी आगरकर हायस्कूल काढण्यातही त्यांचा पुढाकार होता.

मग ते पुणे नगरपालिकेत निवडून गेले. तेथे त्यांच्या खटपटीने रे मार्केटला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. आपल्या भागातली भाजी त्या मंडईत जात आली. नाव कोणामुळे पडले, हे किती जणींना ठाऊक असेल?

सिनेमेही त्यांनी पुष्कळ काढले. १९५३ च्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. चाकणला तंबूत तो लागला तेव्हा माझी आई बैलगाडीतून गेली होती. जन्मातला तिचा पहिला सिनेमा. परत आली ती मुकाट्याने, आणि दुसऱ्या दिवशी मला शेतावर न नेता शाळेत धाडले. का, ते तिने सांगितले नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी ‘मराठा’ दैनिक सुरू केले. माझे वडील त्यांच्या सभेला सायकलने पुण्यास जात आणि रात्री घरी आले की आठवून आठवून हसत. मुंबईत गोळीबारात माणसे पडली होती. त्या दुःखातही हा माणूस लोकांना हसवी आणि हसविता हसविता उभे करी. १९५७ मध्ये ते विधानसभेवर निवडून गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला.

त्यांची जीभ मात्र फार तिखट. विरोधकावर तुटून पडले की सभ्यतेची मर्यादा राहात नसे, आणि स्तुती करावयास बसले तर दहा हजार वर्षांखाली हिशेब नसे! बायांची कड घेणाऱ्या लेखणीने इतके ओरबाडावे, हे मला आजही रुचत नाही. परंतु ज्या नेहरूंवर त्यांनी लढ्यात कोरडे ओढले, ते १९६४ मध्ये गेल्यावर याच लेखणीने दिवसामागून दिवस त्यांच्यावर गहिवरून लिहिले.

१३ जून १९६९ रोजी अत्रे वारले. वडिलांनी त्या दिवशी सायकल बाहेर काढली नाही.

यंदाच्या बैठकीत तो प्रवेश मी पुन्हा सुचविणार आहे. सुनेचे काम करणारी तयार आहे. सासऱ्याच्या मिशा कोण लावते, तेवढे पाहावयाचे.