जादू फुकट मिळत नाही!

मोबाइलवर गेम खेळताना एखादी भारी पॉवर वापरली की तिचं बटण काही सेकंद करडं पडतं. पुन्हा वापरायची तर थांबा, नाहीतर ‘मॅना’ भरू द्या. आपण वैतागतो. पण हे थांबणं नसेल, तर गेम दोन मिनिटांत संपेल आणि उद्या कुणी उघडणारही नाही. ताकदीची किंमत वसूल करण्याचा हा हिशेब मोबाइलच्या कितीतरी आधी कागद-पेन्सिलीवर मांडला गेला. मांडणारा होता गॅरी गायगॅक्स. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात जो गेम खेळतात, त्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या दोन जनकांपैकी एक.

गॅरीचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोतला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. पुढे कुटुंब विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात आलं. गॅरीने शाळा अर्धवट सोडली. बुद्धिबळ आणि साहसकथांचा नाद मात्र सुटला नाही. मोठेपणी विमा कंपनीत नोकरी लागली, संसार वाढला. १९६८ मध्ये त्याने ५० डॉलर भाड्याने गावातला हॉल घेतला आणि युद्धाचे गेम खेळणाऱ्यांना बोलावलं. तीच आजची प्रसिद्ध ‘जेन कॉन’.

१९७० मध्ये नोकरी गेली. घर चालवायला गॅरी जोडे दुरुस्त करू लागला. सोबत गेमचे नियम लिहिणं चालूच. १९७१ मध्ये जेफ पेरेनसोबत केलेला ‘चेनमेल’ आला. मध्ययुगीन सैन्याच्या लढाया, आणि शेवटी जादूगार नि ड्रॅगनची पुरवणी. मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसनने तिथून पुढचं पाऊल टाकलं. अख्ख्या सैन्याऐवजी प्रत्येक खेळाडूला एकच पात्र दिलं. दोघांनी मिळून नवा गेम उभा केला.

झाडीपट्टीत रात्र रात्र नाटक बघणाऱ्या आपल्या लोकांना हा गेम समजायला सोपा आहे. हे बिनप्रेक्षकांचं नाटक. सगळेच नट, संहिता कुणाच्याच हातात नाही. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे काय करायचं ते ठरवतात आणि जमलं की फसलं ते फासे सांगतात.

जादूगाराचं करायचं काय?

खरी अडचण इथेच होती. योद्धा तलवारीने एकेकाला गाठणार. जादूगार मात्र आगीच्या एका गोळ्यात अख्खी टोळी साफ करणार. मग योद्धा व्हायचं कुणी? चार मित्रांत एकच हिरो झाला, तर बाकीचे तिघं पुढच्या रविवारी येतीलच कशाला?

उत्तर गॅरीला लेखक जॅक व्हॅन्सच्या कथांत सापडलं. मंत्र आधी पाठ करायचा. एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जाणार. पुन्हा हवा, तर विश्रांती घेऊन पुन्हा पाठांतर. १९७८ च्या नियमपुस्तकात तर त्याने जादूगाराला चांगलंच कोंडीत पकडलं. चिलखत नाही. योद्ध्याचा जीव दहा बाजूंच्या फाशाने ठरणार, याचा चार बाजूंच्या. दुसऱ्या लेव्हलला जायला योद्ध्याला २,००१ गुण, याला २,५०१. आगीच्या गोळ्यासाठी वटवाघळाची विष्ठा आणि गंधक जवळ हवं. वेग दुप्पट करणारा मंत्र ज्याच्यावर टाकाल, त्याचं वय वाढणार.

तरी तराजू पूर्ण सरळ झाला नाही. सुरुवातीला दुबळा असलेला जादूगार वरच्या लेव्हलला योद्ध्याला मागे टाकायचाच.

कंपनीतला तराजू

गेम छापायला प्रकाशक मिळेना. १९७३ मध्ये गॅरी आणि मित्र डॉन के यांनी हजार-हजार डॉलर घालून टीएसआर ही कंपनी काढली. ब्रायन ब्लूम दोन हजार घेऊन सामील झाला. जानेवारी १९७४ मध्ये हजार प्रती निघाल्या आणि वर्षाच्या आत संपल्या.

पण १९७५ मध्ये डॉन के वारला. त्याचा हिस्सा घ्यायला गॅरीकडे पैसे नव्हते. ब्लूम कुटुंबाकडे होते. आपल्याच कंपनीत गॅरी अल्पमतात गेला. मानधनावरून आर्नेसनने १९७९ मध्ये कोर्ट गाठलं. दोन वर्षांनी तडजोड झाली, पण मैत्रीत अंतर पडलं. १९८५ मध्ये ब्लूम बंधूंनी शेअर लॉरेन विल्यम्सना विकले आणि गॅरीच्या हातून सूत्रं गेली. पुढच्याच वर्षी तो बाहेर पडला. टेबलावर कुणा एकाच्या हाती सगळी ताकद जाऊ नये म्हणून झटलेल्या माणसाला कंपनीत ते साधलं नाही.

तो नंतरही नवे गेम लिहीत राहिला. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हातच वारला. तीन महिन्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची चौथी आवृत्ती आली. तिने योद्धा आणि जादूगार जवळपास एकाच साच्यात बसवले. समतोल साधला, पण अनेक खेळाडूंना जादूच हरवल्यासारखी वाटली. २०१४ च्या आवृत्तीत जादूगाराचं वेगळेपण परत आलं, आणि त्यासोबत टेबलावरचं जुनं भांडणही. ते अजून मिटलेलं नाही.