परक्या नावांचा चित्रकार

एरिक हेबॉर्नचा जन्म १९३४ मध्ये लंडनला झाला. रॉयल अकादमीत शिकून १९५९ साली तो शिष्यवृत्तीवर रोमला गेला. जुन्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर तो प्राचीन उस्तादांच्या शैलीत रेखाचित्रे काढी. नामांकित संग्रहालये ती अस्सल समजून घेत. १९७८ मध्ये वॉशिंग्टनचे अभ्यासक ओबरहुबर यांना दोन भिन्न कलावंतांची चित्रे एकाच प्रकारच्या कागदावर आढळली आणि बिंग फुटले. हेबॉर्नने पुढे कबुली दिली, पण दोष पारखण्यात चुकलेल्या तज्ज्ञांच्या माथी मारला. खटला झालाच नाही. जानेवारी १९९६ मध्ये रोमच्या रस्त्यावर तो डोके फुटलेल्या अवस्थेत सापडला आणि ११ तारखेला वारला. मारेकरी अज्ञातच राहिला. हाती अस्सल कला असूनही ती त्याने परक्या नावांना वाहिली, हीच त्याची खरी शोकांतिका.