नामदार गोखले : रेल्वेचा जमाखर्च आणि समुद्रापलीकडचा नागरिक

कायदेमंडळातील सभासदाचे कर्तृत्व त्याने जिंकलेल्या मतदानांवरून मोजावयाचे ठरविले, तर गोपाळ कृष्ण गोखले यांच्या खात्यावर फारसे काही जमा होणार नाही. ते ज्या मंडळात बसत होते त्याची घडणच अशी होती की, सरकारचा पराभव होऊच नये. तरीही १९०२ ते १९१५ या काळात त्यांनी दोन प्रश्नांचा जो पाठपुरावा केला, त्यांचे महत्त्व मतांच्या बेरजेने ठरत नाही. पहिला प्रश्न, रेल्वेवर पैसा कोणाचा व किती खर्चावयाचा, हा. आणि दुसरा, देश सोडून गेलेल्या माणसाचा हक्क कोणी सांभाळावयाचा, हा. वरवर या दोहोंचा परस्परांशी संबंध दिसत नाही. गोखल्यांच्या आयुष्यात मात्र ते एकाच मुळाशी जाऊन भिडतात.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कागल संस्थानात नोकरीस होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले आणि थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागलात महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्या १५ रुपयांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत एक कुटुंब कसे चालते, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला पुढे मिठावरील कराचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नाही. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि लगेच पुण्यास येऊन न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद या नात्याने फर्ग्युसन कॉलेजात गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय ते गरजेप्रमाणे शिकवीत राहिले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक तर कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेले.

न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली गोखल्यांची खरी उमेदवारी झाली. सरकारी अहवाल वाचणे, त्यांतील कोष्टके ताडून पाहणे आणि आकडा पक्का झाल्यावाचून वाक्य न लिहिणे, ही शिस्त त्यांनी तेथे अंगी बाणविली. १८९७ साली लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३० वर्षांचे होते. हिंदुस्थानच्या खर्चाची त्यांनी केलेली चिकित्सा तेथे वाखाणली गेली. त्याच मुक्कामात मात्र पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी मित्रांच्या पत्रांतील मजकूर त्यांनी इंग्लंडमध्ये जाहीर केला. परत आल्यावर त्याचा पुरावा मिळू शकला नाही, आणि गोखल्यांनी बिनशर्त क्षमा मागितली. ही क्षमायाचना अनेक देशबांधवांना दुबळेपणाची वाटली व पुढे बराच काळ त्यांना टीका सोसावी लागली. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यावे, हा हिशेबनिसाचा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. ते दुःख त्यांच्या मनातून गेले नाही. त्यानंतर पुरावा हाती नसलेले विधान त्यांच्या भाषणात सहसा आढळत नाही.

मध्यवर्ती कायदे कौन्सिलात ते आले, तेव्हा १८९२ चा कायदा चालू होता. या कायद्याप्रमाणे सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, परंतु त्यावर मत देता येत नसे. वर्षाचे आकडे आधीच ठरलेले असत आणि मार्च महिन्याच्या अखेरीस कलकत्त्यात त्यांवर भाषणे होत. बहुतेक सभासद अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करून खाली बसत. २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी आपले पहिले अंदाजपत्रकीय भाषण केले आणि हा रिवाज मोडला.

त्यांचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. हिंदुस्थान सरकारला दरसाल इंग्लंडमध्ये मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. चांदीचा भाव उतरल्याने १८९४-९५ च्या सुमारास रुपयाची किंमत १३ पेन्सपर्यंत घसरली होती. म्हणजे एक पौंड भरण्यास सुमारे साडेअठरा रुपये लागत. या अडचणीच्या वर्षांत कर वाढविण्यात आले. पुढे टांकसाळी बंद करण्याच्या धोरणामुळे रुपया १६ पेन्सवर स्थिर झाला आणि त्याच पौंडास १५ रुपये पुरू लागले. सरकारचा भार हलका झाला, परंतु रयतेवरील कर तसेच राहिले. त्यामुळे १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भीषण दुष्काळांच्या पाठोपाठ सरकारच्या तिजोरीत वाढावा दिसू लागला. अधिकारी हा वाढावा देशाच्या भरभराटीची खूण मानीत होते. जरुरीपेक्षा अधिक कर वसूल होतो, यापलीकडे या आकड्यांतून काही सिद्ध होत नाही, असे गोखल्यांनी दाखवून दिले. मिठावरील कर तेव्हा मणास अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्राप्तिकराची माफीची मर्यादा १९०३ साली ५०० वरून १००० रुपयांवर गेली. याचे सारे श्रेय एका माणसाला देणे योग्य नव्हे. पण दरवर्षी न चुकता त्या खात्यावर बोट ठेवणारा माणूस कौन्सिलात होता, हे नाकारता येत नाही.

वाढाव्याच्या या प्रश्नातूनच रेल्वेचा प्रश्न पुढे आला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी देशात सुमारे २५ हजार मैलांचे लोहमार्ग झाले होते. आरंभीच्या विलायती कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. नफा झाला तर भागधारकांचा आणि तूट आली तर हिंदी करदात्याची, असा तो व्यवहार असल्याने काटकसरीची गरज कोणालाच वाटत नव्हती. रूळ, इंजिने आणि व्याज या तिन्ही बाबींचा पैसा इंग्लंडला जाई. १८८० च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळनिवारणासाठी आणखी ५ हजार मैल मार्गांची शिफारस केली होती. ती मर्यादा केव्हाच ओलांडली गेली, तरी लोहमार्गांची भूक शमली नाही. १९०८ साली मॅके समितीने तर रेल्वेवर दरसाल सव्वा कोट पौंड खर्चावेत, असे सुचविले.

गोखले रेल्वेचे वैरी नव्हते. दुष्काळी मुलखात धान्य पोचते, कापूस आणि कोळसा हलतो, गिरण्या चालतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा आक्षेप क्रमाविषयी होता. मार्गांची उभारणी हे भांडवली काम आहे, ते कर्जातून व्हावे. चालू करांतून उरलेली शिल्लक ज्यांनी कर भरला त्यांच्या उपयोगी पडावी, असे त्यांचे म्हणणे होते. पाटबंधारे, प्राथमिक शाळा आणि गावांची आरोग्यव्यवस्था ही रेल्वेच्या मानाने उपाशी होती. रेल्वेच्या चालू खर्चाच्या वाढीकडेही त्यांनी कौन्सिलचे लक्ष वेधले. आता प्रश्न असा की, इतकी सरळ गोष्ट सरकारला मान्य का होऊ नये? त्याचे उत्तर अर्थशास्त्रात मिळत नाही. विलायतेतील पोलाद कारखानदार आणि व्यापारी यांचे प्रतिनिधी पार्लमेंटात होते. मीठ विकत घेणाऱ्या शेतकऱ्याचा प्रतिनिधी तेथे नव्हता. खर्चाचा क्रम ठरविण्याची सत्ता मतातून येते, आणि मत देण्याचा हक्क तर करदात्याला नव्हताच.

दुसऱ्या प्रश्नाची गाठ येथेच बसते. १८६० पासून नाताळमधील उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर पाच वर्षांच्या करारावर जात होते. करार संपल्यावर काही तेथेच राहिले, त्यांच्या पाठोपाठ व्यापारी गेले, आणि थोड्या मिळकतदार हिंदी लोकांची नावे मतदारयादीत आली. ती काढून टाकण्यासाठी नाताळने १८९६ साली कायदा केला. त्यात हिंदी लोकांचा नावाने उल्लेख नव्हता. ज्या देशात पार्लमेंटरी मताधिकारावर उभारलेल्या लोकनियुक्त संस्था नाहीत, त्या देशाच्या लोकांना नाताळात मतदार होता येणार नाही, अशी त्याची शब्दयोजना होती. मायदेशी मत नाही म्हणून परदेशीही मत नाही, असा हा न्याय होता. कलकत्त्याच्या कौन्सिलातील मताविना चाललेली चर्चा आणि डर्बनच्या यादीतून खोडलेली नावे ही एकाच गोष्टीची दोन टोके होती.

गांधीजी १८९६ मध्ये पुण्यास गोखल्यांना भेटले होते आणि १९०२ च्या आरंभी कलकत्त्यात महिनाभर त्यांच्याकडे राहिले होते. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेची हकीकत गोखल्यांस नीट माहीत होती. १९०९ च्या कायद्याने कौन्सिलात ठराव मांडण्याचा आणि त्यावर मतदान मागण्याचा हक्क मिळाला. तो हक्क हाती येताच, २५ फेब्रुवारी १९१० रोजी, नाताळकडे करारबद्ध मजूर पाठविणे बंद करण्याचा ठराव गोखल्यांनी मांडला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून ही निर्यात थांबली. मळेवाल्यांना मजूर हवेत पण नागरिक नकोत, या व्यवहाराला बसलेला तो पहिला मोठा धक्का होता.

मार्च १९१२ हा त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा महिना ठरला. ४ मार्च रोजी करारबद्ध मजुरीची पद्धत सर्वस्वी रद्द करावी, असा ठराव त्यांनी आणला. हिंदी सभासद त्यांच्या पाठीशी उभे राहिले, परंतु ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनी फेटाळला गेला. त्याच महिन्यात त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. मधुमेहाने शरीर आधीच पोखरले होते. तरीही त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर रोजी, ते केपटाउनच्या धक्क्यावर उतरले.

या दौऱ्यात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यांच्यासाठी रेल्वेचा खास डबा दिला होता. ज्या देशात १८९३ साली पहिल्या वर्गाचे तिकीट असलेल्या गांधींना पीटरमॅरित्सबर्गच्या फलाटावर उतरविण्यात आले, त्याच देशात हा डबा फिरला. गोखल्यांनी या सन्मानाला भुलून जाण्याचे कारण नव्हते; डब्याबाहेरच्या हिंदी माणसाची स्थिती ते पाहत होते. गांधींच्या आग्रहावरून ते जोहान्सबर्गपासून सभांतून मराठीत बोलले, आणि गांधींनी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर केले. कोकणी मुसलमान आणि इतर मराठी भाषक श्रोत्यांना तो अनपेक्षित लाभ होता.

तेथील मुख्य गाऱ्हाणे तीन पौंडांच्या कराचे होते. करार संपवून राहणाऱ्या प्रत्येक मजुरावर, त्याच्या बायकोवर आणि मोठ्या मुलांवर तो दरसाल बसे. करारातील पहिल्या वर्षाची मजुरी महिना १० शिलिंग होती. त्या मापाने एका माणसाचा कर म्हणजे सहा महिन्यांची कमाई. बोथा आणि स्मट्स यांच्या भेटीनंतर हा कर जाईल, असे आश्वासन मिळाल्याचे गोखल्यांनी मानले. १९१३ मध्ये तेथील सरकारने ते नाकारले आणि खाणींतील व मळ्यांतील मजुरांचा संप उसळला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली असताना गोखले मायदेशी गावोगाव फिरून निधी गोळा करीत राहिले. त्यांनी अँड्र्यूज व पिअर्सन यांना आफ्रिकेस धाडले. अखेर १९१४ च्या कायद्याने तो कर रद्द झाला.

या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत असताना आपल्या लोकांना राजकीय सत्ता नको आहे, कायद्याची समान वागणूक हवी आहे, अशी भूमिका गोखल्यांनी घेतली. गोऱ्या मतदारांचे भय शमविण्यासाठी ती त्या वेळी व्यवहार्य वाटली असेल. परंतु मताधिकारावाचून मिळालेली वागणूक सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर टिकते, हे मायदेशच्या अंदाजपत्रकावरून त्यांनीच दाखविले होते. तेथील हिंदी वंशाच्या लोकांना समान मताधिकारासाठी १९९४ पर्यंत थांबावे लागले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, गोखले पुण्यात निवर्तले. त्यानंतर वर्षभराने, मार्च १९१६ मध्ये, करारबद्ध मजुरी रद्द करण्याचा मालवीयांचा ठराव सरकारने स्वीकारला. १९१७ मध्ये मजुरांची निर्यात थांबली आणि १९२० मध्ये करार संपुष्टात आले. १९१२ साली २२ मतांवर पडलेली मागणी अशा रीतीने मान्य झाली. रेल्वेचे अंदाजपत्रक १९२४ साली वेगळे निघाले आणि २०१७ मध्ये पुन्हा सर्वसाधारण अंदाजपत्रकात विलीन झाले. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना मतदारयादीत नाव घालण्याचा हक्क २०१० च्या दुरुस्तीने मिळाला. मात्र मतदानासाठी त्यांनी स्वतः मायदेशी केंद्रावर हजर राहावे, अशी अट होती. मुखत्यारामार्फत मतदानाचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले, पण पुढे सभागृहाच्या विसर्जनाबरोबर बारगळले.

खर्चाचा क्रम कोणी ठरवावा आणि दूर गेलेल्या माणसाची दखल कोणी घ्यावी, हे दोन्ही प्रश्न आता मताधिकार असलेल्या लोकांपुढे आहेत. गोखल्यांपाशी अभ्यास होता, मत नव्हते. आज मत सर्वांपाशी आहे. अंदाजपत्रकाच्या दिवशी लोहमार्ग, शाळा आणि पाटबंधारे यांच्या रकमा शेजारी शेजारी मांडून पाहण्याचे कष्ट किती जण घेतात, एवढाच प्रश्न उरतो. कोतळूकच्या या शिक्षकाने ते कष्ट तेरा वर्षे घेतले, तेही हरणार हे आधीच माहीत असताना.