विश्लेषण : ‘ड्राफ्ट’मध्ये ६०वा, तरीही ‘हॉल ऑफ फेम’मध्ये! कोण होता ड्राझेन पेट्रोविच?

एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगच्या ‘ड्राफ्ट’मध्ये पहिल्या क्रमांकावर निवड झालेला खेळाडू एका रात्रीत प्रसिद्ध होतो. साठाव्या क्रमांकाकडे फारसे कुणी पाहत नाही. १९८६ मध्ये याच क्रमांकावर युगोस्लाव्हियाच्या ड्राझेन पेट्रोविचचे नाव घेतले गेले. मग ड्राफ्टमधील क्रमांकाला किंमत किती?

ड्राफ्ट म्हणजे काय?

आयपीएलच्या लिलावासारखी येथे बोली लागत नाही. संघ आळीपाळीने नव्या खेळाडूंचे हक्क घेतात. आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांना साधारणपणे आधी संधी मिळते. त्यामुळे मोठे खेळाडू पहिल्या काही क्रमांकांतून निघण्याचे प्रमाण जास्त असते. पण हा झाला सरासरीचा हिशेब.

१९८६ मध्ये काय घडले?

पहिला क्रमांक ब्रॅड डॉर्टीचा. तो पाच वेळा ‘ऑल-स्टार’ झाला, मात्र पाठीच्या दुखापतीने त्याची कारकीर्द लवकर संपली. दुसऱ्या क्रमांकावरील लेन बायसचा ड्राफ्टनंतर दोनच दिवसांत कोकेनच्या सेवनामुळे मृत्यू झाला. याउलट २४वा अर्विडास साबोनिस आणि २७वा डेनिस रॉडमन पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. पेट्रोविचला पोर्टलँडने तिसऱ्या फेरीत घेतले.

तो इतका मागे का राहिला?

कारण खेळ नव्हता. २२ ऑक्टोबर १९६४ रोजी शिबेनिक (आताचा क्रोएशिया) येथे जन्मलेला पेट्रोविच शाळेत जाण्याआधी सकाळी शेकडो शॉट्सचा सराव करायचा. ड्राफ्टपर्यंत त्याने झाग्रेबच्या सिबोना संघाला सलग दोनदा युरोपीय विजेतेपद मिळवून दिले होते. १९८५ मध्ये एका लीग सामन्यात तर त्याने एकट्याने ११२ गुण केले होते. पण युगोस्लाव्हियातील तरुण खेळाडूंना परदेशी जाणे सोपे नव्हते आणि युरोपीय खेळाडू एनबीएत टिकतील, यावर अमेरिकी संघांचा विश्वास नव्हता. थोडक्यात, ६० हा आकडा त्याच्या गुणवत्तेचा नव्हता. तो संघांच्या शंकेचा होता.

एनबीएत काय झाले?

रेआल माद्रिदकडून एक हंगाम खेळून तो १९८९ मध्ये पोर्टलँडला आला. तेथे क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर असल्याने त्याचा बराच वेळ बाकावर गेला. पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती ७.६ गुण. जानेवारी १९९१ मध्ये तो न्यू जर्सी नेट्सकडे गेला आणि चित्र पालटले. १९९१-९२ मध्ये त्याने २०.६, तर पुढच्या हंगामात २२.३ गुणांची सरासरी राखली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या ‘ड्रीम टीम’विरुद्ध क्रोएशिया हरला, पण पेट्रोविचने २४ गुण केले. १९९३ मध्ये एनबीएच्या हंगामातील सर्वोत्तम तिसऱ्या संघात त्याची निवड झाली.

शेवट कसा झाला?

७ जून १९९३ रोजी जर्मनीत डेंकेनडोर्फजवळ महामार्गावर पावसात त्याची मोटार ट्रकवर आदळली. मोटार तो स्वतः चालवत नव्हता. तेव्हा त्याचे वय अवघे २८ वर्षांचे होते. नेट्सने त्याची ३ क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. २००२ मध्ये त्याला मरणोत्तर ‘हॉल ऑफ फेम’चा मान मिळाला.

मग क्रमांक काय सांगतो?

निवडीच्या दिवशी संघाला किती खात्री होती, एवढेच. पुढे खेळाडूला मैदानावर किती मिनिटे मिळणार, हे त्यात नसते. पोर्टलँडमधला ७ गुणांचा आणि न्यू जर्सीतला २२ गुणांचा पेट्रोविच एकच होता. तेव्हा ड्राफ्टच्या सात फेऱ्या होत असत, आता दोनच होतात. ३० संघांच्या दोन फेऱ्या म्हणजे ६० जागा. म्हणजेच पेट्रोविचचा क्रमांक आज यादीतला शेवटचा ठरतो.