गिल्बर्ट न्यूटन लुईस

पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू असतो. हे तीन अणू एकमेकांना धरून कसे राहतात? एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञ दोन अणूंच्या चिन्हांमध्ये एक लहानशी रेघ काढीत व तिला बंध म्हणत. त्या रेघेत काय दडले आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. ते कोडे सोडविण्याचे मोठे श्रेय लुईस यांच्याकडे जाते.

त्यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑक्टोबर १८७५ मध्ये झाला. बालपणीचे शिक्षण बहुतांशी घरीच झाले. पुढे १८९९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते अध्यापन करू लागले.

१९०२ साली, इलेक्ट्रॉनचा शोध लागून जेमतेम पाच वर्षे झाली असताना, विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासाठी लुईस यांनी कागदावर काही घन काढले. घन म्हणजे अणू आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन, अशी ती कल्पना होती. बाहेरचे आठही कोपरे भरले की अणू स्वस्थ होतो. सोडियमजवळ बाहेर एकच इलेक्ट्रॉन, तर क्लोरीनजवळ सात. सोडियमने आपला एक दिला, क्लोरीनने तो घेतला, की मीठ तयार! पण क्लोरीनचे दोन अणू एकत्र येतात तेव्हा काय होते? दोघांनाही एकेक हवा. मग देणार कोण? येथे कल्पना अडली. शिवाय असल्या विचारांना तेथे फारसे उत्तेजनही नव्हते. लुईस यांनी तो कागद जपून ठेवला, पण काही प्रसिद्ध केले नाही.

चौदा वर्षे लोटली. दरम्यान त्यांनी फिलिपिन्समध्ये वजने व मापे यांच्या कार्यालयात काही काळ काम केले, आणि १९१२ पासून ते कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठात रसायन विभागाचे प्रमुख झाले. अखेर १९१६ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील उत्तर किती साधे! द्यायचे नाही, घ्यायचे नाही. दोघांनी मिळून वापरायचे. दोन शेतांच्या बांधावर सामाईक विहीर असावी आणि दोन्ही शेतांनी ती आपली मानावी, तसे क्लोरीनचे दोन अणू आपापला एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात. ती जोडी दोघांच्याही हिशेबात धरली जाते व दोघांचेही आठ भरतात. जुन्या रेघेच्या जागी लुईस यांनी दोन ठिपके मांडले.

या बंधाला आज आपण सहसंयुज बंध म्हणतो. इंग्रजीतील त्याचे नाव मात्र लुईस यांनी दिलेले नाही. ते १९१९ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी दिले. लँगम्यूर उत्तम वक्ते होते. त्यांच्या व्याख्यानांमुळे ही कल्पना सर्वत्र पोहोचली, परंतु पुष्कळ लोक ती त्यांचीच समजू लागले. लुईस यांच्या मनाला हे लागले, आणि ते लागणे स्वाभाविकच होते.

नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव चाळीसहून अधिक वेळा सुचविले गेले. ते त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांच्या विभागातून डॉक्टरेट मिळविलेल्या यूरी, जिओक व सीबोर्ग यांना मात्र ते मिळाले. विभागाच्या साप्ताहिक सभेत नवख्या विद्यार्थ्यालाही प्रमुखांना प्रश्न विचारण्याची मुभा असे.

२३ मार्च १९४६ रोजी प्रयोगशाळेत काम करीत असतानाच लुईस यांचे निधन झाले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.