देवळालीचे अंकमित्र : द. रा. कापरेकर



दिलसुखनगरच्या बसस्टॉपवर बसची वाट पाहताना समोरून जाणाऱ्या गाड्यांचे चार आकडी नंबर आपण रोज पाहतो. या आकड्यांत एक गंमत दडलेली आहे आणि ती शोधली एका मराठी शाळामास्तरांनी. त्यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच आईचे छत्र हरपले. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पदवीनंतर ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शाळेतच शिकवत राहिले.

मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील डेमलो स्टेशनवर त्यांना काही संख्यांची कल्पना सुचली. म्हणून त्यांचे नाव डेमलो संख्या! १११११११११ या संख्येचा वर्ग करा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. तिच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने तिला निःशेष भागही जातो. कारण सोपे आहे : नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले.

१९४९ साली त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ ही संख्या मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि उत्तरावर हेच पुन्हा करा. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ : ९५१० − ०१५९ = ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४! सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत.

आपल्याकडील अनेक विद्वानांना मात्र हा पोरखेळ वाटला. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या शिक्षकाकडे कोण लक्ष देणार? कापरेकर खचले नाहीत. ते स्वतः पुस्तिका छापत राहिले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. पेन्शन अपुरी पडे, म्हणून ते शिकवण्या घेत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाला त्यांची ओळख पटली. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले. आज ६१७४ ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' म्हणून जगभर ओळखली जाते.

आपल्या भागात कोचिंग क्लासेसची कमतरता नाही. तिथे गणित गुणांसाठी शिकतो, आणि तेही हवेच. पण कापरेकर सरांना गणिताने ना पैसा दिला, ना मोठे पद. तरी त्यांनी त्याची संगत आयुष्यभर सोडली नाही. तेव्हा मित्रांनो, आज घरी जाताना एखाद्या गाडीचा नंबर वहीत उतरवून घ्या आणि किती पायऱ्यांत ६१७४ येते ते आम्हाला जरूर कळवा.